दाखवली एक, खोक्यात निघाली भलतीच: वाफेच्या इस्त्रीत गेलेले पैसे

परवा भाचीने वेंगुर्ल्याहून एका पत्रकाचा फोटो पाठवला. "मामी, ही घेऊ का? तुझ्याकडे आहे ना असलीच?" निळा डबा, त्याला नळीने जोडलेली इस्त्री, शेजारी लाल अक्षरांत 'प्रेशर स्टीम, ५ बार' (बार म्हणजे दाब मोजायचं एकक). खोडलेली किंमत २४,९९९ आणि खाली 'फक्त प्रदर्शनात ८,५००'. चित्र तेच, आकडे तेच. माझ्या पोटात गोळाच आला. तिला लगेच फोन करून थांबवलं. पण प्रत्येकीला सांगणारी मामी असतेच असं नाही, म्हणून जे झालं ते सगळं लिहून काढते आहे.

आम्ही मालवणजवळ, देवबागच्या बाजूला राहतो. घरालगत चार खोल्या बांधून आम्ही पर्यटकांसाठी निवास-न्याहारी चालवतो. सीझनला रोज बारा-चौदा चादरी, तेवढेच अभ्रे आणि टॉवेल निघतात. धुणं मशीनमध्ये होतं, पण इस्त्री माझ्याच हातची. पावसाळ्यात तर विचारू नका. पडवीत दोन-दोन दिवस दोरीवर टाकूनही चादर पुरती वाळत नाही, हाताला गारच लागते. तशीच घडी घातली तर तिसऱ्या दिवशी कुबट वास मारते. त्यामुळे आमच्याकडे इस्त्री नुसत्या सुरकुत्यांसाठी नसते, राहिलेली ओल काढण्यासाठीही असते. साध्या इस्त्रीने एका डबल चादरीला माझी आठ-नऊ मिनिटं जातात. संध्याकाळी खांदा भरून येतो.

प्रेशरची वाफेची इस्त्री हा प्रकार खोटा नाही, हे आधीच सांगते. पुण्याला माझ्या चुलतबहिणीकडे खरी आहे, मी स्वतः वापरून पाहिली आहे. साध्या स्टीम इस्त्रीत पाणी थेंबाथेंबाने तापलेल्या तळावर पडतं आणि त्याची वाफ होते. प्रेशरच्या इस्त्रीत खाली वेगळा बॉयलर असतो, आणि वाफ त्यात दाबाखाली कोंडलेली असते. आपल्या कुकरसारखंच. उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांवर थांबतं, कुकरमध्ये साधारण १२० पर्यंत जातं. ती कोंडलेली वाफ बटण दाबताच नळीतून येते आणि चादरीच्या चार घड्या पार करून पलीकडे निघते. ओल आणि उष्णता दोन्ही एकदम आत पोचली की सुताचे तंतू सैल पडतात, आणि सपाट असतानाच वाळले की तसेच राहतात. बहिणीकडे मी एक चादर तीन मिनिटांत केली होती. तेव्हापासून मनात होतंच.

२०२४च्या ऑगस्टमध्ये, गणपतीच्या साधारण दोन आठवडे आधी, कुडाळात एका हॉलमध्ये गृहोपयोगी वस्तूंचं प्रदर्शन लागलं होतं. रविवार होता, २५ तारीख. आमचे हे आणि मी गणपतीच्या वर बांधायच्या माटवीचं सामान आणायला गेलो होतो, तिथे शिरलो. इस्त्रीच्या स्टॉलवर गर्दी होती. विकणारा मुलगा गोड बोलणारा होता. त्याने सुताची जाड चादर हातात चुरगळली, पिळली, टेबलावर टाकली आणि दोनदा इस्त्री फिरवली. चादर आरशासारखी. मग इस्त्री उभी धरून लटकवलेल्या पडद्यावर वाफ सोडली, तर पडदा पलीकडे ढकलला गेला. ती वाफ खरी होती. बहिणीकडे पाहिली होती तशीच.

"ताई, डेमोचा पीस विकता येत नाही. तुम्हाला सीलबंद खोकं देतो, कोरं," असं म्हणून त्याने टेबलामागून खोकं काढलं. खोक्यावर तेच चित्र. मी उघडून बघते म्हटलं, तर म्हणाला, "सील तुटलं तर वॉरंटी जाते, ताई. घरी गेल्यावर व्हिडिओ काढत उघडा." मला ते पटलं. व्हिडिओ काढा म्हणणारा माणूस फसवेल कसा, असंच वाटलं. पैसे यूपीआयने दिले, तेव्हा समोर दुकानाचं नाव न येता एका व्यक्तीचं नाव आलं. बिल म्हणून जो कागद दिला त्याच्या डोक्यावर 'एस्टिमेट' छापलेलं होतं, जीएसटी नंबर नव्हता. या दोन्ही गोष्टी मी डोळ्यांनी पाहिल्या, आणि मागे गर्दी उभी होती म्हणून काही बोलले नाही.

घरी येऊन खोकं उघडलं. रंग तोच, आकार तोच. डबा बऱ्यापैकी जड लागला, म्हणून बरंही वाटलं. पाणी भरलं, बटण लावलं, दिवा हिरवा झाला. इस्त्रीतून फुस्स असा आवाज, थोडी वाफ, आणि पाठोपाठ कोमट पाणी. पांढऱ्या चादरीवर तपकिरी डाग, रुपयाच्या नाण्याएवढा. पुसायला गेले तर पसरला. सासूबाई दारातून बघत होत्या. म्हणाल्या, "ही वाफ न्हय गो, नुसती फुसफुस."

लगेच त्या विकणाऱ्या मुलाला फोन लावला. त्याने शांतपणे विचारलं, "ताई, कुठून बोलताय? देवबाग? मग बरोबर आहे. तुमच्याकडे विहिरीचं पाणी खारं. मशीनला खारं पाणी चालत नाही." आणि मी गप्प झाले.

मी इथेच फसले, आणि आपल्याकडची बरीच माणसं इथेच फसतील असं मला वाटतं. किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाला पाण्याचा दोष लगेच पटतो. गीझर गेला, पाणी. मिक्सर गंजला, खारी हवा. फ्रीज बंद पडला, व्होल्टेज. हे सगळं इथे खरोखर होतं, म्हणून ते कारण पुढे करणाऱ्यावर संशय येत नाही. मालवणातून बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर पाच लिटर आणलं. तरी तेच. मग तो म्हणाला, आधीच्या पाण्याने आतला व्हॉल्व्ह खराब झाला असणार, 'प्रेशर किट' कुरिअरने पाठवतो, १,२०० भरा. तेही भरले. पाकीट आलं त्यात कुकरच्या शिटीखाली असते तेवढी एक रबरी रिंग होती. ती कुठे बसवायची ते विचारलं, तर आता कारण व्होल्टेजचं झालं.

एवढ्यात गणपती आले. मुंबईहून दीर-जावा, पोरंबाळं, घरात सतरा माणसं. कुडाळचं प्रदर्शन केव्हाच उठलं होतं. मी इस्त्री माळ्यावर टाकली आणि गौरी-गणपती होईपर्यंत कोणाकडे विषयही काढला नाही. या विकणाऱ्यांना हवे असतात ते नेमके हेच दिवस. तक्रार करणाऱ्याला पाण्यात, व्होल्टेजमध्ये, किटमध्ये तीन आठवडे गुंतवून ठेवायचं, तोवर हॉल रिकामा होतो आणि आपण सणात अडकतो.

डोळे उघडले ते सासूबाईंच्या एका वाक्याने. विसर्जनानंतर दुपारी मी जावेला सगळं सांगत होते, की पाणी मचूळ म्हणून असं झालं. त्या मध्येच म्हणाल्या, "आता खंयचा मचूळ पाणी? मिरग पडलो तेव्हापासून बाव गोडी असा."

खरंच की! आमची विहीर मचूळ होते ती चैत्र-वैशाखात. पावसाने भरली की तेच पाणी आम्ही पितो. मी श्रावणात भरल्या विहिरीचं गोडं पाणी घातलं होतं, आणि कुठल्या तरी हॉलमधल्या मुलाने ते खारं आहे म्हटल्यावर मान डोलावली होती. या घरात एकवीस वर्षं त्याच विहिरीचं पाणी काढते आहे मी. आठ हजारांपेक्षा मला हे जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी वाडीतल्या वायरमनला बोलावलं. त्याने आधी बोर्डातलं व्होल्टेज मोजलं, २२६. म्हणजे तेही कारण खोटं. मग त्याने प्लगची पिन माझ्यासमोर धरली. "वयनी, खोक्यार २,४०० वॅट लिवलाहा. तेका सोळा अँपियरची जाडी पिन व्हयी. ही बारकी, सहाची." हिशेब सोपा आहे: २३० व्होल्टला २,४०० वॅट म्हणजे दहा अँपियरच्या वर, आणि सहाच्या पिनेवर फार तर १,३८० वॅट. टीव्ही-पंख्याला असते तसली बारीक पिन दिसली की 'चोवीसशे वॅट' हे खोटं, हे डबा न उघडताही कळलं असतं. मीटर लावला तर साडेचार अँपियर, म्हणजे हजारेक वॅट. एवढ्या विजेत मिनिटाला तेवीस-चोवीस ग्रॅमच्या वर पाण्याची सतत वाफ होऊच शकत नाही, सगळीच्या सगळी वीज वाफेसाठी वापरली तरी. खोक्यावर लिहिलं होतं मिनिटाला १२० ग्रॅम.

मग डबा उघडला. आत बॉयलर नव्हता. प्लॅस्टिकची पाण्याची टाकी, अंगठ्याएवढा एक पंप, आणि तळाला डिंकाने चिकटवलेली लोखंडी पट्टी. पट्टीला ना वायर, ना स्क्रू. नुसतं वजन भासावं म्हणून लावलेली. कडेने गंज चढला होता, टाकीतून झिरपलेलं पाणी त्याच्यावरून फिरून येत होतं. तपकिरी डाग कुठले ते कळलं. पंप पाणी ढकलत राहतो, इस्त्रीचा तळ पुरेसा तापलेला नसतो, म्हणून अर्धं पाणी तसंच बाहेर पडतं. 'पाच बार' छापलं होतं ते फार तर त्या पंपाचं असेल. वाफेला दाब मुळात नव्हताच. म्हणून बारचा आकडा कोणी सांगितला तर तो बॉयलरचा की पंपाचा, हे तिथेच विचारा. पंपाची मशीनंही चांगल्या कंपन्या प्रामाणिकपणे विकतात, पण त्या तसं लिहितात.

खोक्यावर आयएसआयचं चिन्ह होतं. विजेच्या घरगुती इस्त्रीला ते आपल्याकडे सक्तीचंच आहे. पण खऱ्या चिन्हाच्या वर आयएस क्रमांक आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो 'बीआयएस केअर' या अॅपमध्ये टाकला की परवाना कोणाचा आणि कशासाठीचा ते दिसतं. माझ्या खोक्यावर नुसतं चिन्ह होतं, खाली काहीच नाही. बनवणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता छापणंही बंधनकारक आहे. तोही नव्हता. दोन मिनिटांचं काम होतं हे, मी केलं नाही.

मी त्या विकणाऱ्याला फोनवर हे सगळं सुनावल्यावर दोन दिवसांनी वेगळ्याच नंबरावरून फोन आला. "मॅडम, तुमचा रिफंड मंजूर झालाय, क्यूआर पाठवलाय, स्कॅन करून पिन टाका." मी फोन हातात घेतलाही होता. माझ्या मुलाने माझा हात धरला. पैसे यायचे असतील तर पिन कधीच टाकावा लागत नाही, पिन पैसे जाताना लागतो. हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आज बसवून सांगा. चिडलेल्या माणसाला रिफंड हा शब्द ऐकू आला की बाकी काही सुचत नाही, आणि ते हे ओळखून असतात.

पुढे काय केलं तेही सांगते. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, पण पैसे जाऊन महिना होत आला होता. हा फोन जितक्या लवकर कराल तितकं खात्यातलं गोठवता येतं. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पोलीस ठाण्यात लेखी अर्ज दिला, आणि ओरोसच्या जिल्हा ग्राहक आयोगासाठी कागद जमवले. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही, २०१९च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि मुदत दोन वर्षांची असते. मला एकाने सांगितलं, तुम्ही खोल्या भाड्याने देता, तुम्ही ग्राहक नव्हे. ते बरोबर नाही. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू त्या कायद्यात बसते. मला अडचण वेगळीच आली: समोरची पार्टी कोण, हेच कागदावर नाही. हॉलवाल्याकडे फक्त एक मोबाइल नंबर आहे, तो बंद. यूपीआयवर आलेलं ते नाव तेवढं हातात आहे. पैसे अजून मिळालेले नाहीत.

तेव्हा वेंगुर्ल्यात, सावंतवाडीत, कणकवलीत, रत्नागिरीत जिथे कुठे हा स्टॉल दिसेल तिथे एकच करा. जे खोकं घरी न्यायचं, तेच तिथे उघडायला लावा, त्यांच्याच बोर्डात लावून त्यांच्याच पाण्याने त्यांच्याच चादरीवर चालवून घ्या. सील तुटलं तर वॉरंटी जाते म्हणाले की तिथून निघा. आणि घरी आणलेली वस्तू पहिल्याच दिवशी नीट चालली नाही, तर पाण्याचं ऐकून घेऊ नका. हॉल उठायच्या आत परत न्या.

ती इस्त्री मी फेकलेली नाही. पडवीतल्या फळीवर उघडीच ठेवली आहे, पंप, पट्टी, रबरी रिंग, सगळं शेजारी मांडून. गेल्या आठवड्यात वाडीतल्या तिघीजणी येऊन बघून गेल्या. त्यांतल्या एकीने घरी जाऊन आपला डबा उघडला. त्याच्याही तळाला पट्टी निघाली. आता आम्ही दोघी मिळून ओरोसला जाणार आहोत.