चॅट ॲप आणि ईमेल दोन्ही कामासाठी : नऊ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आमचं लेबलं, बॉक्स, माहितीपत्रकं डिझाईन करून छापून द्यायचं काम आहे. सहा जणांची टीम, त्यातले दोघं कायम बाहेर फिरतीवर, आणि क्लायंट काही रोज बोलणारे तर काही तीन महिन्यांतून एकदा उगवणारे. नऊ महिन्यांपूर्वीपर्यंत आमचं सगळं एका चॅट ॲपवर चालायचं म्हणजे चौकशी तिथेच, डिझाईन तिथेच, मंजुरी तिथेच, आणि ईमेल फक्त बिल पाठवायला. आता तसं नाहीये आणि का नाहीये ते सविस्तर लिहिते, कारण हे बदलायचा विचार करत असाल तर कुठे अडेल ते आधी माहीत असलेलं बरं.

सुरुवात एका व्हॉइस मेसेजपासून झाली. एका क्लायंट ताईंनी लेबलच्या प्रूफवर (छापण्याआधी तपासायला पाठवतो तो नमुना) अडीच मिनिटांचा व्हॉइस पाठवला. पहिलं मिनिटभर रंगाबद्दल, मग लोगो जरा वर घ्या, मग डिलिव्हरी कधी, आणि अगदी शेवटी जाता जाता, "आणि हो, मागचा बॅच नंबर काढून टाका, तो आम्ही शिक्का मारणारोत." आमच्या टीममधल्या मुलाने तो मशीनच्या आवाजात उभं राहून ऐकला, रंग आणि लोगो लिहून घेतले, आणि डिलिव्हरीचं सुरू झाल्यावर त्याला वाटलं संपलं आता. अख्खा लॉट बॅच नंबरसकट छापून गेला. ताईंचा फोन आला तेव्हा मी ठामपणे म्हणाले की असं काही सांगितलंच नव्हतं, आणि मग चॅट वर सरकवत सरकवत तो व्हॉइस शोधला, कारण व्हॉइसमध्ये "बॅच" असा शब्द टाकून सर्च होत नाही ना, आठ-नऊ व्हॉइस ऐकावे लागले, आणि निघालं की त्या शंभर टक्के बरोबर होत्या. लॉट परत छापून दिला. त्याचं दुःख होतंच पण मी त्यांना खोटं पाडायला निघाले होते याचं जास्त वाटलं.

त्यानंतर ठरवलं की बोलणं कुठेही होऊ दे, फोन, चॅट, समोरासमोर, पण जे ठरलं ते त्याच दिवशी संध्याकाळी ईमेलवर गेलंच पाहिजे. एका जॉबला एकच मेल थ्रेड, म्हणजे त्या कामाचे सगळे मेल आणि उत्तरं एकाखाली एक. सब्जेक्टमध्ये क्लायंटचं नाव, जॉबचं नाव आणि महिना, आणि मेलमध्ये चारच ओळी : काय ठरलं, किती नग, कधीपर्यंत, आमच्याकडून कोण बघणार. खाली एक वाक्य, की उद्या ११ वाजेपर्यंत काही बदल असेल तर याच मेलला उत्तर द्या, आणि तुमचं "हो" आल्याशिवाय मशीनवर जाणार नाही. लिहायला पाच मिनिटं लागतात, खरंच पाचच.

पहिला महिना अवघड गेला हे लपवत नाही. एक जुने क्लायंट सर तर दुखावले, "अहो बोललो ना आपण, मेल कशाला, विश्वास नाही का?" त्यांना म्हटलं सर विश्वास तुमच्यावर आहे, माझ्या लक्षात राहण्यावर नाही. दोन महिन्यांनी त्यांनाच मागच्या बॉक्सचा पँटोन नंबर (छपाईच्या रंगाचा ठरलेला नंबर) हवा होता, मेलमध्ये बॉक्स टाकून सर्च केलं आणि मला न विचारता स्वतःच काढला. आता त्यांच्याकडून "मेल आला नाही अजून" असा फोन येतो.

चॅटमधल्या अंगठ्याच्या इमोजीचं पण सांगायला हवं. तीन डिझाईनं लागोपाठ पाठवली की तिसऱ्याच्या खाली एक अंगठा येतो, आता तो तिसऱ्याला आहे, तिन्हीला आहे, की "बघितलं" एवढंच? पूर्वी कागदावर अंगठा म्हणजे सही असायची, चॅटवरचा अंगठा म्हणजे काय ते ज्याचं त्यालाच माहीत. आम्ही आता डिझाईनवरच मोठा अ, ब, क छापतो आणि उत्तरात अक्षर मागतो.

चॅटचा आणखी एक मुद्दा माझ्या उशिरा लक्षात आला. व्हॉट्सॲपवर मेसेज पाठवल्यावर १५ मिनिटांपर्यंत तो बदलता येतो, साधारण दोन दिवसांपर्यंत सगळ्यांसाठी डिलीट करता येतो. गप्पांसाठी सोयीचं आहे, पण पाच हजार नग वाचून तुम्ही कागद मागवायला गेलात आणि मागे त्याचे तीन हजार झाले तर? बारीक अक्षरात एडिटेड दिसतं पण आधी काय होतं ते नाही. गेलेला मेल असा मागून बदलत नाही. जीमेलमध्ये अनडू सेंड आहे पण ते जास्तीत जास्त ३० सेकंद (ते सेटिंगमध्ये जाऊन ३० करून ठेवाच). दुसरं म्हणजे ईमेल कुणा एका कंपनीचं नाही. १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन यांनी दोन कॉम्प्युटरमध्ये पहिला मेल पाठवला, पत्त्यातलं ॲटचं चिन्ह त्यांनीच निवडलं, आणि आजही तुमची सर्व्हिस कुठलीही असो, समोरच्याची कुठलीही असो, मेल जातो. चॅटला दोघांकडे तेच ॲप लागतं, फोन बदलला नि बॅकअप नव्हता की मागचं सगळं गेलं. टीमसाठी स्लॅक हे ऑफिसच्या चॅटचं ॲप घ्यायचा विचार होता, पण त्याच्या फुकट प्लॅनमध्ये ९० दिवसांपूर्वीचे मेसेज दिसत नाहीत आणि आमच्याकडे रिपीट ऑर्डर सहा-सहा महिन्यांनी येते, म्हणून तो विषय तिथेच सोडला.

म्हणून चॅट वाईट असं अजिबात नाही हं. गाडी पोचली का, गेट कुठलं, शेड हीच ना, यासाठी मेल टाकत बसलो तर दिवस तिथेच संपेल. व्हॉट्सॲप बिझनेसमधले क्विक रिप्लाय (आधीच लिहून ठेवलेली उत्तरं) आणि चॅटला लावायची लेबलं रोज वापरते, नवीन चौकशी, प्रूफ गेलं, मंजूर, छापतोय अशी लेबलं लावली की सकाळी एका नजरेत कळतं कोण कुठे आहे. फक्त प्रूफ फोटो म्हणून पाठवू नका, फोटो कॉम्प्रेस होतो आणि बारीक अक्षरं फुटतात, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

मेलच्या पण कटकटी आहेत. जीमेलची अटॅचमेंटची मर्यादा २५ एमबी, आमच्या छपाईच्या फायली त्याच्या कितीतरी पुढे, त्यामुळे लिंकच द्यावी लागते, आणि लिंकची परमिशन द्यायला विसरलात की रात्री दहाला फोन. २५ च्या आतली फाईलसुद्धा कधी समोरून परत येते, कारण अटॅचमेंट पाठवताना अक्षरांच्या रूपात बदलली जाते आणि साधारण एक तृतीयांशाने फुगते, त्यात समोरच्या सर्व्हरची मर्यादा कमी असली तर संपलंच. मोठ्या फायलीला मी आता सरळ लिंकच देते.

स्पॅमचा त्रास मात्र पूर्ण दोन आठवडे झाला. स्वतःच्या डोमेनवरून (आमच्या नावाच्या मेल पत्त्यावरून) कोटेशनं पाठवायला लागलो आणि उत्तरंच येईनात, मला वाटलं दर पटला नसेल. शेवटी एका क्लायंटने सांगितलं की मेल स्पॅममध्ये सापडला. डोमेनची एसपीएफ आणि डीकेआयएम ही ओळख पटवणारी दोन सेटिंग आम्ही केलीच नव्हती, म्हणजे हा मेल खरंच आमच्याकडूनच आलाय याचा पुरावा समोरच्या सर्व्हरला मिळत नव्हता. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला मेल पाठवणाऱ्या सगळ्यांनाच यातलं निदान एक लागतं, आणि दिवसाला पाच हजारांच्या वर पाठवणाऱ्यांना दोन्ही, वर डीमार्क नावाचं तिसरं सेटिंगसुद्धा. डोमेन सांभाळणाऱ्याकडून अर्ध्या तासाचं काम आहे, पहिल्या दिवशीच करून घ्या. आणि "आमचं बँक खातं बदललंय, यापुढे इथे पैसे टाका" असा मेल कुणाकडूनही आला, अगदी ओळखीच्या पत्त्यावरून आला तरी, आपल्याकडे असलेल्या जुन्या नंबरवर फोन करून विचारल्याशिवाय एक रुपया टाकू नका. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही, जुन्याच.

नोटिफिकेशन उशिरा यायची तक्रार होती टीममधल्या दोघांची. अँड्रॉइडमध्ये फोन पडून असला की बॅटरी वाचवायला मागचं काम थांबवलं जातं, आणि काही फोनमध्ये वरून आणखी कडक सेटिंग असतं. मेल आणि चॅट दोन्ही ॲपना बॅटरीची बंधनं काढून टाकली, तेव्हापासून ठीक.

एक गोष्ट अजून जमलेली नाही, फिरतीवरचे दोघं मेल उघडतच नाहीत. सांगून झालं, फोनमध्ये टाकून दिलं, तरी नाही. गाडी चालवणाऱ्या माणसाला थ्रेड वाच म्हणणंही बरोबर नाही, म्हणून मेल गेला की त्यातल्या चार ओळी जशाच्या तशा कॉपी करून मी त्या जॉबच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये पिन करते, म्हणजे त्या वरच दिसत राहतात. पिन जास्तीत जास्त ३० दिवस राहतो, आमचा जॉब बहुतेक तेवढ्यात बाहेर पडतो, त्यामुळे सध्या असंच चालू आहे.