शून्य फिल्डवाला की टोटल फिल्डवाला? अणुवाफेचा ग्रेडिओमीटर घेण्याआधी

चुंबकीय फिल्डमधला अगदी बारीक फरक मोजायला रुबिडियम किंवा सिझियमच्या वाफेचा ग्रेडिओमीटर (दोन जागचं फिल्ड मोजून एकातून दुसरं वजा करणारा सेन्सर) घ्यायचा म्हटलं की सगळे आधी डेटाशीटवरचा सेन्सिटिव्हिटीचा आकडा बघतात, मीही तेच केलं होतं. आधी बघायला हवं ते म्हणजे सेन्सर ठेवणार कुठे.

सर्फ (SERF) म्हणजे शून्य फिल्डवाला. काचेची छोटी सेल साधारण १५० डिग्रीला तापवतात, वाफ इतकी दाट होते की अणू एकमेकांवर सारखे आदळतात, आणि गंमत म्हणजे टकरी वाढल्या की त्यांच्यामुळे होणारी स्पिनची (अणूंच्या चुंबकीय दिशेची) विस्कटच जवळपास थांबते, पण फक्त फिल्ड शून्याजवळ असेल तरच. लॅबमध्ये याने २००३ मध्येच १ फेम्टोटेस्लाच्या खालची पातळी गाठली. पण रेंज जेमतेम काही नॅनोटेस्ला (१ नॅनोटेस्ला म्हणजे १० लाख फेम्टोटेस्ला), आणि पृथ्वीचं फिल्ड २५ ते ६५ हजार! म्हणजे म्यू-मेटलचं (बाहेरचं चुंबकीय फिल्ड अडवणाऱ्या मिश्रधातूचं) शिल्डिंग आणि कॉइल्स आल्याच, बँडविड्थही (किती वेगाने बदलणारं फिल्ड पकडता येतं ते) शे-दीडशे हर्ट्झच.

टोटल फिल्डवाला उघड्यावर चालतो. अणूंची प्रिसेशन फ्रिक्वेन्सी (फिल्डभोवती ते सेकंदाला किती वेळा गरगरतात) मोजायची, सिझियमला एका नॅनोटेस्लाला साधारण ३.५ हर्ट्झ, बस. सेन्सिटिव्हिटी कमी, दिशा कळत नाही, सेन्सर फिरवला की रीडिंग थोडं हलतं (हेडिंग एरर, डोक्याला ताप आहे तो).

आता खरा मुद्दा, वजाबाकी. समजा आजूबाजूच्या वायरिंगचा ५० हर्ट्झचा गोंगाट १ नॅनोटेस्ला आहे आणि तुमच्या दोन सर्फ चॅनेलच्या गेनमध्ये (तेवढ्याच फिल्डला आउटपुट किती येतं त्यात) फक्त १ टक्का फरक आहे, तर वजा करूनही १०,००० फेम्टोटेस्ला उरतो, आणि मेंदूचा सिग्नल असतो शे-दोनशे फेम्टोटेस्ला. मग सेन्सर १० फेम्टोटेस्लाचा आहे म्हणून काय उपयोग? टोटल फिल्डवाल्यात ही कटकट कमी, कारण स्केल अणूच ठरवतो, दोन्हीकडे तोच. किंवा मग एकच लेझर बीम दोन सेलमधून नेऊन फरक प्रकाशातच काढणारा प्रकार घ्या, मला तो जास्त पटतो, पण अलाइनमेंटला वेळ द्यावा लागतो.

माझं मत विचाराल तर शिल्डेड रूम आहे आणि मेंदूचं काम आहे तर सर्फ, डोळे झाकून. उघड्यावर गाडलेलं लोखंड शोधायचंय किंवा हृदयाचे ठोके पकडून बघायचेत (ते दहा-वीस पिकोटेस्लाच्या, म्हणजे दहा-वीस हजार फेम्टोटेस्लाच्या पुढे असतात) तर टोटल फिल्ड, तिथे सर्फच्या नादी लागू नका.

बेसलाइन म्हणजे दोन सेलमधलं अंतर, ते सोर्सच्या खोलीएवढं तरी ठेवा, फार जवळ ठेवलं तर गोंगाटाबरोबर सिग्नलही वजा होतो. आणि पैसे देण्याआधी डेमो मागा, दोन्ही चॅनेलला मोठ्या कॉइलने सारखंच फिल्ड द्यायला लावा आणि वजाबाकीनंतर किती उरतं ते स्वतः स्क्रीनवर बघा, खिशातला फोन आणि किल्ल्या बाहेर ठेवून.