जन्मजात क्षयरोगाची शंका: बाळाची कोणती तपासणी आधी करावी?

दोन-तीन आठवड्यांच्या बाळाचा ताप आणि धाप प्रतिजैविकांना दाद देत नसेल, यकृत-प्लीहा वाढलेली असेल आणि रक्ताच्या कल्चरमध्ये काहीच उगवत नसेल, तर जन्मजात क्षयरोगाचा विचार करायलाच हवा. मग प्रश्न उरतो तो भिस्त कोणत्या तपासणीवर ठेवायची हा.

मॅन्टू ही त्वचेत टोचून करायची चाचणी स्वस्त आहे आणि सगळीकडे होते, पण या वयात प्रतिकारशक्ती अपरिपक्व असल्याने ती बहुधा निगेटिव्हच येते. इग्रा या रक्तचाचणीचीही तीच गत. अशा निगेटिव्ह अहवालावर क्षयरोग नाही असे ठरवणे बाळाच्या जिवाशी खेळणे आहे.

खरी निवड आहे ती जठररसाच्या नमुन्याबाबत. तो पहाटे, दूध पाजण्याआधी, नळीने ओढून शक्यतो लागोपाठ तीन दिवस घेतात. प्रयोगशाळेत पोहोचायला वेळ लागणार असेल तर सोडियम बायकार्बोनेट घालून त्यातील आम्ल निष्प्रभ करावे लागते, नाहीतर जंतू मरतात आणि कल्चर वाया जाते. स्मिअरचा, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली जंतू शोधण्याचा, अहवाल त्याच दिवशी मिळतो, मात्र जंतू थोडे असले की निदान हुकते. सीबीनॅट ही जंतूंचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी सुमारे दोन तासांत जंतू आणि रिफाम्पिसिन या क्षयरोगाच्या औषधाला त्यांचा होणारा विरोध दोन्ही दाखवते. जिथे ते नाही तिथे गोव्याच्या मोलबायो कंपनीचे त्याच प्रकारचे, बॅटरीवर चालणारे ट्रूनॅट कामी येते. कल्चर अधिक संवेदनशील खरे, पण निगेटिव्ह म्हणायला सहा आठवडे थांबावे लागते. म्हणून माझा कौल आधी सीबीनॅटला आणि त्याच नमुन्याचे कल्चर सोबत लावण्याला आहे.

संसर्ग गर्भातच झाला का, हे ठरवण्यासाठी संशोधक बाइत्झके यांचे 1935 चे निकष यकृतातील प्राथमिक गाठीवर फार भर देत. त्यासाठी आजारी बाळाची यकृत-बायोप्सी करणे अवघड. कँटवेल आणि सहकाऱ्यांच्या 1994 च्या निकषांनुसार, बाळाचा क्षयरोग सिद्ध झाल्यावर वारेतील किंवा आईच्या जननमार्गातील संसर्गाचा पुरावाही पुरतो. लक्षणे दिसेपर्यंत वार बहुधा टाकून दिलेली असते, म्हणून आईच्या गर्भाशयाच्या अस्तराची बायोप्सी मोलाची ठरते. आईला खोकला-ताप काहीच नाही म्हणून ती टाळू नये. अनेकींचा क्षयरोग बाळाच्या निदानानंतरच उघडकीस आला आहे.

नमुने घेऊन झाले आणि शंका दाट असली, तर अहवालांची वाट न पाहता उपचार सुरू करावेत.