डार्ट फ्रॉगसाठी जिवंत वर्षावनाची पेटी: पावसाळा ते उन्हाळा, वापरानंतरचा अनुभव

६० × ४५ × ६० सेंटीमीटरची, पुढून दारं उघडणारी काचेची पेटी. आत ल्यूकोमेलास जातीचे चार पिवळे-काळे डार्ट फ्रॉग, म्हणजे दक्षिण अमेरिकेतले छोटे, रंगीत बेडूक. गेल्या पावसाळ्यात लावलेल्या या पेटीने पुण्यातला मे महिनाही काढला, तेव्हा काय टिकतं आणि काय नाही हे आता खात्रीने सांगता येईल. मत आधीच सांगून टाकलेलं बरं: सगळ्यांचं लक्ष झाडांवर आणि मागच्या भिंतीवर जातं, पण पेटी जगते ती तळाच्या निचऱ्यावर आणि हवेच्या झरोक्यावर.

आधी प्राण्याबद्दल. ल्यूकोमेलास व्हेनेझुएला, गयाना आणि लगतच्या ब्राझीलमधला. त्याच्या मूळ प्रदेशात कोरडा हंगाम असतो, त्यामुळे ओलाव्यातली थोडीफार चूक तो सहन करतो. आकार तीन-चार सेंटीमीटर, आणि गटात राहू शकतो. टिंक्टोरियस या दुसऱ्या डार्ट फ्रॉगच्या माद्या एकमेकींना दाबतात, तो त्रास इथे बराच कमी. जंगलातलं त्यांचं विष मुंग्या आणि माइट्स खाण्यातून येतं. पेटीत जन्मलेल्यांत ते नसतं. ल्यूकोमेलास साइटिसच्या (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या) परिशिष्ट २ मध्ये येतो आणि २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. कागद नसलेला बेडूक घेऊच नका.

तळाशी पाच सेंटीमीटर क्ले बॉल्स (भाजलेल्या मातीच्या हलक्या गोळ्या), या मापाच्या पेटीला साधारण १४ लिटर लागतात. त्यावर खिडकीच्या मच्छरजाळीचं फायबर कापड, चारी बाजूंनी दोन सेंटीमीटर वर वळवलेलं, म्हणजे माती कडेने खाली झिरपत नाही. मागच्या कोपऱ्यात पीव्हीसी नळीचा तुकडा तळापर्यंत उभा. खालच्या टोकाला खाचा, वर जाळीचं टोपण. त्यातून ॲक्वेरियमची बारीक नळी घालून पाणी ओढून काढायचं. ही नळी सुरुवातीलाच बसवा, नंतर सगळं उपसावं लागतं. पाणी जाळीच्या किमान दोन सेंटीमीटर खाली राहायलाच हवं. ते मातीला टेकलं की माती ते वर शोषते, मातीतल्या पोकळ्या भरतात आणि हवा संपते. मग काचेलगत काळा पट्टा दिसतो, दार उघडताच कुजक्या अंड्यांसारखा वास येतो आणि आयसोपॉड (कुजकी पानं खाणारे, मातीत सोडलेले छोटे जीव) जमीन सोडून काचेवर चढतात. अशा वेळी वरून कितीही नवी झाडं लावा, मुळं कुजणारच.

मातीसाठी अटलांटा बोटॅनिकल गार्डनचं मिश्रण जगभर वापरतात: दोन भाग ट्री फर्नचे तंतू, दोन भाग ऑर्किड बार्क, आणि पीट, स्फॅग्नम मॉस व कोळसा प्रत्येकी एक भाग. आपल्याकडे ट्री फर्न शोधत बसू नये; त्याऐवजी नारळाच्या सोडणाचे तुकडे चालतात. मात्र नुसतं कोकोपीट वापरू नका, काही महिन्यांत त्याचा लगदा होतो. सोडण असो वा कोकोपीट, दोन-तीन पाण्यांतून धुवा, त्यात मीठ राहिलेलं असतं. कोळसा साधा लोणारी, ब्रिकेट नको. थर सहा-सात सेंटीमीटर. त्यावर पानांचा जाड थर. यासाठी देशी बदामाची वाळकी पानं उत्तम: रस्त्याकडेची नको, फवारणी नसलेल्या झाडाखालची वेचा, उकळून घ्या. साधारण तीन महिन्यांत ती चाळणीसारखी होतात, तेव्हा वरून नवी घाला, जुनी काढू नका. बेडूक दिवसाचा बराच वेळ या पानांतच असतात. स्प्रिंगटेल (मातीत राहणारा, बुरशी खाणारा बारीक जीव) दिसला की थबकतात, मागच्या पायाचं बोट टकटक टकटक हलतं आणि मग जीभ सुटते.

मागच्या भिंतीला फोम आणि सिलिकॉन वापरत असाल तर बुरशीनाशक नसलेलं सिलिकॉन घ्या. बाथरूमसाठीच्या सिलिकॉनमध्ये बहुधा ते असतं. व्हिनेगरचा वास पूर्ण जाईपर्यंत, निदान आठवडाभर, पेटी उघडी ठेवा.

पाणी हा महाराष्ट्रातला खरा अडसर. बोअरच्या पाण्याने काचेवर पांढरे डाग पडतात आणि फवाऱ्याची नोझल बुजतात. घरच्या आरओवरही डोळे झाकून विश्वास नको. बहुतेक मशिनमध्ये चवीसाठी पाणी परत मिसळणारा टीडीएस कंट्रोलर किंवा मिनरल काडतूस असतं. फवाऱ्याला मेम्ब्रेनमधून थेट निघालेलं, टीडीएस मीटरवर २० च्या खालचं पाणी हवं. एसीचं ठिबकणारं पाणी नको, त्यात कॉइलमधला धातू आणि घाण असते. बेडूक कातडीतून पाणी घेतो, हे विसरता येत नाही.

फवारा सकाळी आणि संध्याकाळी ३०-४० सेकंद. पावसाळ्यात एकदाच पुरला. हायग्रोमीटरवर (हवेतला ओलावा मोजणाऱ्या मीटरवर) कायम १०० टक्के दिसणं चांगलं लक्षण नाही: दोन फवाऱ्यांच्या मध्ये पानांचा वरचा भाग सुकला पाहिजे. वरची जाळी साधारण ८५ टक्के काचेने झाकलेली आणि दारांखाली झरोका असेल तर हवा खालून वर जाते, पुढची काचही धुरकट राहत नाही. झरोक्याची जाळी बारीकच हवी, नाहीतर बेडकांना खायला सोडलेल्या फळमाशा स्वयंपाकघरात पोचतात.

उन्हाळ्याबद्दल स्पष्टच सांगायचं तर खोलीत एसी नसेल तर पुण्यात हा छंद करू नये. पेटीत २२ ते २६ अंश हवेत. २९ च्या वर धोका. जास्त फवारून तापमान उतरत नाही, कारण बंद दमट पेटीत बाष्पीभवनच होत नाही. शिवाय ३० अंशांच्या आसपास ड्रोसोफिलाचे, म्हणजे याच फळमाशांचे, नर वांझ होतात, म्हणजे बेडकांचं अन्नही बंद पडतं. माश्या वाढवायच्या बाटल्या एसीच्या खोलीतच ठेवा आणि दर आठवड्याला नवी बाटली लावा. प्रत्येक बेडकाला दिवसाला वीसेक माश्या, कॅल्शियम-डी३ पावडर लावून. अधूनमधून रेटिनॉल असलेलं व्हिटॅमिन ए द्या. ते कमी पडलं तर जिभेला माशी चिकटत नाही, बेडूक नेम धरतो पण उपाशी राहतो. उघडलेली पावडर सहा महिन्यांनी बदला.

झाडांत मनी प्लांट, सिंगोनियम, पेपेरोमिया टिकले. फिटोनिया गळाला. फायकस प्युमिला सुंदर दिसतो, पण दर महिन्याला कापला नाही तर सगळ्यांवर पसरतो. ब्रोमेलियाड मातीत रोवू नका, लाकडावर बांधा. नर्सरीतल्या झाडांत मुरलेलं कीटकनाशक धुऊन जात नाही, म्हणून कुंडीतली माती काढून काही आठवडे वेगळी वाढवा. स्प्रिंगटेल आणि छोटे पांढरे आयसोपॉड बेडकांच्या महिनाभर आधी सोडा. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात लाकडावर पांढरी बुरशी येते. ती पुसू नका, स्प्रिंगटेल खातात.

तळातून काढलेलं पाणी बागेत किंवा नाल्यात तसंच ओतू नका. बाहेरून आलेल्या बेडकांबरोबर कायट्रिड (बेडकांच्या कातडीला लागणारी जीवघेणी) बुरशी किंवा इतर रोग येऊ शकतात आणि सह्याद्रीत फक्त इथेच सापडणारे कितीतरी बेडूक आहेत. बादलीत ब्लीच घालून रात्रभर ठेवा, मग संडासात ओता. जुनी माती आणि छाटलेली पानंही कंपोस्टमध्ये न टाकता उकळून टाका.