‘कॅबिन अप्रूव्हड’ सॅक घेण्याआधी हे वाचा

सॅकच्या जाहिरातीत ‘एअरलाइन अप्रूव्हड’ असा गोल शिक्का दिसला की तिथेच सावध व्हा. असा शिक्का देणारं कुणी नाहीच. विमान कंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटना, म्हणजे आयाटा, हिने जून २०१५ मध्ये ५५ × ३५ × २० सेंटीमीटरच्या बॅगांसाठी ‘कॅबिन ओके’ नावाचं लेबल आणायचा घाट घातला होता. त्यावर एवढी ओरड झाली की काही दिवसांतच तो बेत गुंडाळावा लागला. अमेरिकेतली टीएसए सुरक्षा तपासणी करते, केबिन बॅगेचं माप तिच्या अखत्यारीत येत नाही. माप ठरवते ज्याची त्याची विमान कंपनी, आणि वाटेल तेव्हा बदलते. मला विकलेल्या सॅकच्या फोटोवर मात्र आयाटा, टीएसए आणि ‘सर्व एअरलाइन्स’ असे शिक्के ओळीने झळकत होते.

मला हवी होती ती अशी एकच सॅक, जी मीटिंगला नेताना लाज वाटणार नाही आणि कामाला जोडून दोन दिवस भटकायला गेलं तर पाठही मोडणार नाही. अशा लोकांसाठीच ही जाहिरात बेतलेली होती. ४० लिटर, बाहेरचं माप ५५ × ३५ × २०, वजन १.१ किलो, १६८० डेनियर बॅलिस्टिक नायलॉन, वायकेके चेन, वॉटरप्रूफ, यूएसबी चार्जिंग आणि आजीवन वॉरंटी. शेजारी उलटं धावणारं घड्याळ, सवलत संपायला इतकी मिनिटं उरली म्हणून. पान पुन्हा उघडलं की घड्याळ पुन्हा पहिल्यापासून.

आता यातली गंमत बघा. ५५ गुणिले ३५ गुणिले २० म्हणजे ३८,५०० घनसेंटीमीटर, म्हणजे साडेअडतीस लिटर. तेही काटकोनी खोक्याचं, ज्याच्या भिंतींना जाडी नाही, कोपरे गोल नाहीत, पाठीला फोम नाही आणि पट्टेही नाहीत. अशा मापात ४० लिटरची सॅक बसणं शक्यच नाही. एक तर लिटर खोटे, नाही तर सेंटीमीटर. हा गुणाकार फोनवर अर्ध्या मिनिटात होतो आणि कुठल्याही सॅकला लागू पडतो: लांबी, रुंदी, जाडी गुणायची आणि हजाराने भागायचं. उत्तर सांगितलेल्या लिटरपेक्षा बऱ्यापैकी मोठं आलं तर दावा निदान शक्यतेतला. जवळपास सारखं किंवा कमी आलं तर तिथून निघायचं. लिटर मोजायची रीतसर पद्धत आहे. एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकात २० मिलिमीटरचे प्लॅस्टिकचे गोळे सॅकच्या कप्प्यांत भरून मोजतात. पण ती पाळायची सक्ती कुणावर नाही, त्यामुळे बाहेर लोंबणाऱ्या जाळीच्या खिशापर्यंत सगळं लिटरमध्ये धरणारे विक्रेते आहेत.

माझ्या सॅकमध्ये खोटे निघाले ते सेंटीमीटर. रिकामी असताना दाबून धरली तर जाडी २० भरायची. लॅपटॉप, चार्जर, बुटांचा जोड आणि कपडे घातले की पुढचा कप्पा पोट सुटल्यागत पुढे यायचा आणि जाडी २७ वर जायची. कामाच्या फेरीला निघाले तेव्हा गेटवरच्या मापाच्या सांगाड्यात ती अर्ध्यातच अडकली. काउंटरवरच्या बाईंनी स्वतः दाबून पाहिली, मग मान हलवली आणि शुल्क भरायला लावलं. त्यांचं काही चुकलं नाही.

खरा वैताग त्यानंतर. गेटवर बॅग काढून घेऊन खाली सामानात टाकणार असतील तर पॉवर बँक आतून काढून जवळ ठेवावी लागते, कारण सुटी लिथियम बॅटरी विमानाच्या पोटात चालत नाही. ‘यूएसबी चार्जिंग’ म्हणून जे विकलं होतं ते म्हणजे बाहेर एक रबरी तोंड आणि आत लोंबणारी वायर. बॅटरी आपलीच, आणि ती ठेवायचा कप्पा कुठे, तर सॅकच्या तळाशी, अस्तराच्या मागे. म्हणजे रांगेतली माणसं बघत असताना फरशीवर बसून शर्ट, बूट, टॉयलेटची पिशवी सगळं बाहेर. सॅकमध्ये बॅटरी पक्की बसवून देणारे विक्रेते तर आणखी गोत्यात घालतात. न निघणाऱ्या बॅटरीच्या बॅगा अमेरिकेतल्या मोठ्या विमान कंपन्यांनी जानेवारी २०१८ पासूनच नाकारायला सुरुवात केली. पॉवर बँकेची साधारण मर्यादा १०० वॉट-तास. २०,००० एमएएचची असेल तर ३.७ व्होल्टने गुणून हजाराने भागलं की ७४ वॉट-तास येतात, ती चालते. १०० वॉट-तासांहून मोठी असेल तर आधी विमान कंपनीला विचारा.

परत आल्यावर सॅक टेबलावर पालथी घातली आणि एकेक दावा तपासायला बसले. वायकेके ही १९३४ पासूनची जपानी कंपनी, तिच्या चेनवर लोक डोळे झाकून भरवसा ठेवतात, म्हणूनच तिचं नाव जाहिरातीत येतं. पुढच्या छोट्या कप्प्याच्या रनरवर ही तीन अक्षरं होती. मुख्य कप्प्याचा रनर कोरा, आतले सगळे कोरे. म्हणजे ‘वायकेके चेन’ हे एका चेनपुरतं खरं! वर मुख्य कप्प्याची चेन पाच नंबरची. चेनचा नंबर म्हणजे साधारणपणे बंद दातांची मिलिमीटरमधली रुंदी. कपड्यांनी ठासून भरायच्या कप्प्याला आठ किंवा दहा नंबरची चेन हवी. ही कोपऱ्यावरच्या वळणात फाकली. रनर मागे घेऊन पुन्हा ओढला की बसायची, थोड्या वेळाने पुन्हा फाकायची.

कापडाची लबाडी यापेक्षा हुशारीची. डेनियर म्हणजे ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. त्या आकड्यावरून धागा जाड की बारीक एवढंच कळतं, कशाचा आहे ते कळत नाही. चांगल्या बॅलिस्टिक नायलॉनमध्ये ८४० डेनियरचे दोन धागे पिळून १६८० करतात. स्वस्तात १६८० चा एकच जाड पॉलिस्टर धागा वापरला तरी आकडा तोच. पट्ट्याच्या शिवणीपाशी कापडाचा एक धागा ओढून चिमट्यात धरून जाळला, तर काळा काजळीचा धूर निघाला. पॉलिस्टर असाच जळतो, नायलॉनचा धूर फिकट असतो. पॉलिस्टर वाईट असतं असं माझं म्हणणं नाही. पण मग पॉलिस्टर म्हणून आणि पॉलिस्टरच्या भावात विका.

वॉटरप्रूफचं थोडक्यात सांगते. कापडाला आतून पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा, पाणी अडवणारा थर होता, पण शिवणींवर टेप नव्हती, त्यामुळे सुईच्या भोकांतून पाणी आत. वजन १.७ किलो भरलं. विक्रेत्याला विचारलं तर म्हणाले, १.१ हे कमरपट्टा आणि पाठीची पट्टी काढून. सात किलोची मर्यादा असलेल्या विमानात हा फरक म्हणजे जवळजवळ अर्धा लॅपटॉप. आणि लॅपटॉपचा कप्पा थेट तळापर्यंत गेलेला, खाली फोम नाही. सॅक जमिनीवर टेकवली की लॅपटॉपचा कोपरा फरशीवर. हे फोटोत दिसत नाही. दुकानात मात्र कप्प्यात हात घालून बोटं तळाला लागतात का ते बघता येतं.

तक्रार केल्यावर आलेली उत्तरं इतकी गोड की वाचणाऱ्याला वाटावं आपणच कुणाला तरी भरपाई देणं लागतो. आधी, ‘बॅग ठेवा, १५ टक्के परत देतो.’ मी नाही म्हटलं. मग ३० टक्के. मग ५०, ‘खास तुमच्यासाठी’. परतच पाठवायची असेल तर पत्ता दुसऱ्या खंडातल्या गोदामाचा, पाठवणावळ माझ्याकडून, वर ‘रीस्टॉकिंग’, म्हणजे माल परत साठ्यात ठेवायचा खर्च, म्हणून कपात. हिशेब केला तर हातात जवळजवळ काहीच उरत नव्हतं, आणि तो हिशेब आपण करावा अशीच त्यांची योजना असते. आजीवन वॉरंटीचं कलम उघडलं तर ‘आजीवन’ म्हणजे उत्पादनाचं अपेक्षित आयुष्य, आणि ते किती हे कंपनी ठरवणार. चेन, शिवण आणि वापराने झालेली झीज वगळलेली. मग सॅकमध्ये उरतं काय, ते मी विचारलं. उत्तर आलं नाही.

मधल्या काळात विक्रीच्या पानावरचं मापही बदललं. ५५ × ३५ × २० पुढे एक चांदणी आली आणि तळाला बारीक अक्षरांत ‘आतील माप, रिकाम्या स्थितीत’. माझ्याकडे खरेदीच्या दिवशीचा स्क्रीनशॉट होता, त्यावर स्वच्छ ‘बाहेरील माप’ लिहिलेलं. पुढे या एका स्क्रीनशॉटने काम केलं. म्हणून सांगते, पैसे भरण्याच्या आधी माप, वजन, कापड आणि परतीची अट यांचे स्क्रीनशॉट काढा. ऑर्डरच्या ईमेलमध्ये यातलं काहीही नसतं.

कार्डाने पैसे भरले असतील तर बँकेकडे ‘वस्तू वर्णनाप्रमाणे नाही’ असा दावा लावता येतो. व्हिसा आणि मास्टरकार्डवर यासाठी साधारण १२० दिवस मिळतात, पण बँकेगणिक अट वेगळी असू शकते, आपल्या बँकेला पहिल्याच आठवड्यात विचारा. विक्रेत्याला हे आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. ‘वरिष्ठांकडे पाठवलं आहे, दोन आठवडे थांबा’ हे उत्तर पुन्हा पुन्हा येतं ते दिवस घालवण्यासाठी. आणि ते १५, ३०, ५० टक्के घेतले तर तडजोड झाली असं धरलं जाऊ शकतं, मग बँक हात वर करते. मी दाव्यासोबत जोडलं ते असं: जुना स्क्रीनशॉट, नव्या पानाचा स्क्रीनशॉट, भरलेल्या सॅकच्या जाडीवर मेजरटेप धरलेला फोटो, वजनकाट्याचा फोटो आणि सगळा पत्रव्यवहार. चेनचं किंवा धुराचं लिहिलंच नाही. बँकेतल्या माणसाला दोन आकडे शेजारी ठेवून दाखवता येतील एवढंच द्यावं, डेनियर समजावत बसू नये.

परीक्षणांबद्दल एक राहिलं. त्या पानावर हजारो परीक्षणं होती, जवळजवळ सगळी पाच ताऱ्यांची. एक-दोन ताऱ्यांची गाळून वाचली तर दोघांनी गेटवर पैसे भरल्याचं लिहिलेलं सापडलं. पाच ताऱ्यांच्या गर्दीत एकीने ‘मनगटावर फार शोभून दिसतं’ असं लिहिलं होतं. घड्याळाच्या विक्रीची परीक्षणं सॅकच्या पानाला चिकटवलेली! असली खिचडी दिसली की ताऱ्यांची सरासरी विसरायची.

बँकेने सॅकचे पैसे परत मिळवून दिले. गेटवर भरलेलं शुल्क मात्र गेलं ते गेलं, कारण दावा वस्तूच्या किमतीपुरताच असतो. परवा सॅकचा फोटो इमेज सर्चला टाकला तर तीच सॅक, तोच मॉडेल, दुसऱ्याच नावाच्या दुकानात. लिटर आता ४२ झालेत, माप अजूनही ५५ × ३५ × २०.