शिगम्याची मिरवणूक आणि वायुगळती: झटपट गणित की बोळांचं प्रारूप?

पणजीत शिगम्याची मिरवणूक भरात असताना वायुगळती झाली, तर गर्दी कुठे हलवायची? गाउसियन प्लूम प्रारूप (वायूचा लोट कसा पसरेल हे सांगणारं सोपं सूत्र) गळतीचा दर, वाऱ्याचा वेग, दिशा, हवेची स्थिरता एवढ्यावर काही सेकंदांत उत्तर देतं. पण त्याच्या लेखी शहर म्हणजे सपाट माळ! फोंतेन्हास या पणजीतल्या जुन्या वस्तीच्या बोळांत वारा घरांवर आपटून घुमतो, कधी उलटाही फिरतो. क्लोरीन तर हवेपेक्षा सुमारे अडीचपट जड, खालीच रेंगाळणार. हे सगळं सीएफडी, म्हणजे हवेच्या प्रवाहाचं संगणकी प्रारूप, इमारतींसकट दाखवतं, मात्र गणिताला तासन्‌तास लागतात. २००३ मध्ये ओक्लाहोमा सिटीत मागकाढू वायू (हवा कुठे जाते ते दाखवणारा, निरुपद्रवी) सोडून शहरी प्रारूपं पडताळली गेली.

मी म्हणेन, खारे आणि मतलई वारे धरून सीएफडीचे नकाशे आधीच काढून ठेवा. ऐनवेळी प्लूमच बरं; बोळांसाठी मात्र हे नकाशे पाहा.