समुद्राकाठचा ट्रेलर तळ: दुसरी रांगच मागा

किनाऱ्यावरच्या गावात ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, लावायचा म्हटलं की समोर समुद्र दिसणारी जागा सगळ्यांनाच हवी असते. या तळावरही पुढची रांग सगळ्यात आधी भरते. आम्हाला मात्र तिथल्या व्यवस्थापक बाईंनी दुसऱ्या रांगेतली, दाट झुडपांच्या आडोशाची जागा सुचवली. "लहान मुलं आहेत, आजी आहेत, तुम्ही मागेच राहा," म्हणाल्या. एवढ्या एका सल्ल्यासाठी मी या तळाला पैकीच्या पैकी गुण देईन.

त्याचं कारण वारा. दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरून खारे वारे आत येतात. शाळेच्या भूगोलात हे आपण सगळ्यांनीच वाचलंय, पण ट्रेलरची कनात, म्हणजे दारापुढचं कापडी छत, उभी केली की ते हाताला जाणवतं. दुपार कलली तशा पुढच्या रांगेतल्या कनाती फडफडायला लागल्या, काहींनी त्या गुंडाळूनच टाकल्या. आमची दिवे लागेपर्यंत उभी होती आणि सासूबाई तिच्याखाली निवांत वाचत बसल्या होत्या. समुद्र दिसत नव्हता, आवाज येत होता, आणि चालत गेलं की पाच मिनिटांत पाणी. मुलांसोबत राहायचं तर मला हा व्यवहार केव्हाही पटेल.

जमीनही चांगली राखली आहे. खडी दाबून पक्की केलेली, पाणी साचत नाही, चाक रुतत नाही. ट्रेलर ओढणारी गाडी मीच चालवते, त्यामुळे मागे घेताना वळायला जागा किती मिळते हे मी आधी बघते. इथे रस्ता रुंद आहे. पाणसळ ठेवून पाहिली तर एका चाकाखाली पातळशी फळी पुरली. ट्रेलर सपाट उभा राहणं ही चैन नाही. गॅसवर आणि विजेवर दोन्हीकडे चालणारा फ्रीज असतो ना, त्यातला अमोनिया पंपाशिवाय, उताराने खाली येतो. फ्रीज फार कलला तर तो नीट फिरत नाही आणि थंडावा मिळत नाही. शिवाय दुखऱ्या गुडघ्यांच्या माणसाला तिरक्या पायरीवरून उतरवणं नकोच.

विजेची जोडणी 16 अँपिअरची. 230 व्होल्टला ती साधारण 3,600 वॉट झाली, म्हणजे पाण्याची किटली आणि हीटर दोन्ही एकदम लावू नका. खांबावर हे ठळक अक्षरांत लिहिलंय, हे मला आवडलं.

आणि आता नळ! किनाऱ्याकडून येणाऱ्या वाटेवर, तळात शिरायच्या आधीच, पाय धुवायला गोड्या पाण्याचे नळ आहेत, त्यातला एक मुलांच्या उंचीचा. वाळू ट्रेलरमध्ये आली की नुसता झाडू मारून भागत नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला तर खाली साचतो, म्हणून ट्रेलरच्या तळाशी वायू बाहेर जायला भोकं ठेवलेली असतात. ती वाळूने किंवा पायपुसण्याने बुजली तर धोका आहे. आमच्याकडे रोज सकाळी ती तपासायचं काम थोरलीकडे आहे आणि ती ते मनापासून करते. तळावर पाण्याचा पाइपही मिळतो. निघताना ट्रेलर गाडीला अडकवायचा आकडा, ब्रेकचे भाग आणि खालची चौकट गोड्या पाण्याने धुऊन घ्या. मीठ हवेतली ओल धरून ठेवतं, त्यामुळे समुद्राकाठी लोखंड फार लवकर गंजतं.

फाटकाजवळच्या फळ्यावर भरती-ओहोटीच्या वेळा रोज नव्याने लिहितात. भरती दर दिवशी सुमारे 50 मिनिटं उशिरा येते, कालच्या वेळेवर आज विसंबून चालत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला तर खडकांपलीकडे मुलांना मुळीच नेऊ नये, आणि तेही फळ्यावर लाल खडूने लिहिलं होतं.

खटकलं ते एकच, पण चांगलंच खटकलं. शौचालयाची टाकी रिकामी करायची जागा मुलांच्या झोपाळ्यांना अगदी लागून आहे. सकाळी तिथे टाक्या घेऊन रांग लागते आणि त्या रांगेतूनच मुलं पळत असतात. स्वच्छता ठेवतात, पाणी भरपूर आहे, तरी झोपाळे तिथून हलवायलाच हवेत. मी बाईंना तसं सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं.

स्नानगृहं स्वच्छ, गरम पाणी वेळेवर. रात्री वाटेवरचे दिवे खाली झुकवलेले असल्यामुळे ट्रेलरच्या खिडकीत उजेड येत नाही.

जागा राखून ठेवताना नुसतं "समुद्राजवळ" म्हणू नका. दुसरी रांग, झुडपांच्या आतली बाजू, स्नानगृहाकडचं टोक, असं स्पष्ट सांगा. आणि तुमच्या ट्रेलरचं दार कोणत्या अंगाला उघडतं तेही आधीच कळवा, म्हणजे वाऱ्याकडे पाठ होईल अशी जागा त्या शोधून देतात.